देवाच्या नावाला परवानगी लागत नाही, भोंग्याला लागते

कोजागिरी झाली की आमच्याकडच्या गावांत काकडा बसतो. पहाटे साडेचारला देवळात दिवा लागतो, मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक थापली जाते, टाळ निघतात आणि त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर गाव अभंगानं जागं होतं.

गेल्या कार्तिकात अशाच एका भजनी मंडळाचे अध्यक्ष मला भेटायला तालुक्याच्या कोर्टात आले. आमच्याकडे अर्धी वकिली आवारातल्या कडुनिंबाखाली चालते, माझं टेबलही तिथंच आहे. आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बंडीच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद माझ्यापुढं सरकवला. पोलिसांची नोटीस होती. जुनी माणसं तिला अजून ‘१४९ ची नोटीस’ म्हणतात. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हापासून ती कलम १६८ ची झाली. मजकूर दोन ओळींचा: देवळावरचा भोंगा पहाटे वाजवू नये, वाजवल्यास कारवाई होईल.

“वकीलबाई,” आजोबा म्हणाले, “देवाचं नाव घ्याले बी आता सरकारची परवानगी लागते काय? आमचे बापदादे घेत आले, तवा नाई कोणी कागद देल्ला.”

मी म्हटलं, “देवाच्या नावाला परवानगी लागत नाही, आजोबा. भोंग्याला लागते.”

ते माझ्याकडं बघत राहिले. उत्तर खरं होतं, पण तेवढ्यानं त्यांचं समाधान होणार नव्हतं आणि व्हायलाही नको होतं. हाच प्रश्न माझ्याकडं वेगवेगळ्या तोंडांनी येतो. विहारातली पोरं विचारतात, आमची मिरवणूक चौकातून का जाऊ नये. मशिदीचे विश्वस्त अजानबद्दल विचारतात. एक शिक्षिका दबक्या आवाजात विचारून गेल्या, प्रार्थनेला हात जोडले नाहीत तर नोकरीवर येईल का. सगळ्यांच्या पोटातली गोष्ट एकच: माझा धर्म मला चारचौघांत कुठवर बोलता येतो? त्या दुपारी आजोबांना जे सांगत बसले, तेच इथं सविस्तर लिहिते.

घटनेतले चार शब्द

राज्यघटनेचं कलम २५ चार गोष्टी देतं: सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य, आणि धर्माचं मुक्त प्रकटीकरण, आचरण व प्रसार. शब्द जड आहेत, पण गावात हे चारही रोज दिसतात.

सद्सद्विवेक म्हणजे मनातलं. कशावर विश्वास ठेवायचा, कशावर नाही, आणि कशावरच ठेवायचा नाही असं ठरवलं तरी ते ज्याचं त्याचं. प्रकटीकरण म्हणजे आपण कोण आहोत ते लपवावं न लागणं: कपाळाचा बुक्का, डोक्यावरची टोपी, गळ्यातली तुळशीची माळ, घरावरचा पंचरंगी झेंडा. शिखांच्या कृपाणीचा तर या कलमाच्या स्पष्टीकरणात नाव घेऊन उल्लेख आहे. आचरण म्हणजे पूजा, नमाज, वंदना, उपास, वारी. आणि प्रसार म्हणजे आपला धर्म दुसऱ्याला समजावून सांगणं.

यात एक बारीक गोष्ट वकिलांच्याही नजरेतून सुटते. बोलण्याचं स्वातंत्र्य देणारं कलम १९ ‘नागरिकांना’ आहे. कलम २५ मात्र ‘सर्व व्यक्तींना’ आहे. दीक्षाभूमीवर परदेशातून आलेल्या भिक्खूलाही ते लागू पडतं.

पण या कलमाची सुरुवातच अटीनं होते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून, आणि मूलभूत हक्कांच्या त्या भागातल्या इतर तरतुदींना धरून, हे स्वातंत्र्य आहे. इतकं मोकळेपणानं दिलेलं असूनही ते मोकाट सोडलेलं नाही. भोंग्याची गोष्ट या ‘आरोग्य’ शब्दातून येते, त्याकडं पुढं वळते.

धर्म घरात ठेवा, असं का ठरलं नाही

बरेच शिकलेले लोक म्हणतात, धर्म ही खाजगी गोष्ट आहे, ती घराच्या उंबऱ्याआत ठेवावी. ही सूचना संविधान सभेत खरोखर आली होती. डिसेंबर १९४८ मध्ये या कलमावर चर्चा झाली तेव्हा बिहारचे सदस्य तजम्मुल हुसेन यांनी दुरुस्ती मांडली की ‘आचरण व प्रसार’ याऐवजी ‘खाजगीरीत्या आचरण’ एवढंच लिहावं. धर्म हा माणूस आणि त्याचा निर्माता यांच्यातला मामला आहे, त्याचा चौकात काय संबंध, असं त्यांचं म्हणणं. ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांचाही ‘प्रसार’ या शब्दाला कडाडून विरोध होता. सभेनं सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही शब्द कायम ठेवले. चौकातलं बोलणं नजरचुकीनं राहून गेलेलं नाही. विचार करून, मत घेऊन ते ठेवलेलं आहे.

मला तो निर्णय बरोबर वाटतो, आणि त्याचं कारण आमचा मुलूख. शेगावची पालखी गावातून जाते तेव्हा लोक रस्त्यावर सडा घालतात. बुलडाण्याच्या सैलानी बाबाच्या यात्रेला होळीच्या सुमारास येणाऱ्यांत कोण हिंदू, कोण मुसलमान हे विचारत बसायला कोणाला सवड नसते. दसऱ्याला गावोगावचे बौद्ध पांढऱ्या कपड्यांत नागपूरच्या गाड्या धरतात. माघ पौर्णिमेला गोंड समाज गोंदियाच्या सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहेकडं निघतो. ताजबागेत ताजुद्दीन बाबांचा उरूस भरतो. मोझरीत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला हजारो माणसं एकाच वेळी निःशब्द उभी राहतात. हे सगळं उंबऱ्याआत कोंडायचं म्हटलं तर वऱ्हाड-झाडीचं वर्ष रिकामं होईल.

न बोलण्याचाही हक्क

इथं मला माझ्या आजीबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

आजी महानुभाव पंथाची, उपदेशी, म्हणजे पंथाची दीक्षा घेतलेली. तिचं माहेर रिद्धपूरच्या बाजूचं. ती कोणालाही भेटली की ‘दंडवत प्रणाम’ म्हणायची, आणि दुसऱ्या देवाला दाखवलेला नैवेद्य तोंडात घालायची नाही. गावात भागवत सप्ताह बसला की पंगतीसाठी पायलीभर गहू निवडून, स्वच्छ करून देवळात पोचवणाऱ्यांत ती पहिली असे. पण काल्याच्या दिवशी प्रसादाचं भांडं तिच्यासमोर आलं की ती पदर सावरून दोन्ही हात जोडायची, मान लववायची आणि हात तसेच जोडलेले ठेवायची. वाढणारा समजायचा आणि पुढं जायचा.

एका वर्षी वाढपात एक नवा पोरगा होता. तो अडून बसला. “काल्याचा प्रसाद नाही म्हणता? हा देवाचा अपमान हाय.” दोन-चार माना वळल्या. मी सात-आठ वर्षांची असेन, आजीला चिकटून बसले होते, तिचा जोडलेला हात किंचित थरथरलेला मला आठवतो. तेवढ्यात पंगतीच्या टोकाहून म्हातारे पाटील म्हणाले, “राहू दे गा. तिचा देव तिच्यापाशी. तिचे गहू खाल्ले नं तुनं?”

पोरगा पुढं गेला. आजी काही बोलली नाही.

पुढं कायद्याच्या वर्गात १९८६ चा एक निकाल शिकले तेव्हा मला तीच पंगत दिसली. केरळमधली तीन भावंडं, यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची. शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदरानं उभी राहत, पण गात नसत, कारण देवाशिवाय कोणाची प्रार्थना करायची नाही अशी त्यांची श्रद्धा. शाळेनं त्यांना काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आदरानं उभं राहणं हाच मान आहे, गायलाच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, आणि मुलांना परत घ्या. आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपली घटना ती आचरते, तिच्यात पाणी घालू नका, अशा अर्थाचं वाक्य त्या निकालाच्या शेवटी आहे. प्रकट करण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचं स्वातंत्र्य येतं, हे त्या तीन मुलांमुळं देशाला कळलं.

त्या शिक्षिकाबाईंचं उत्तरही याच वाटेवर आहे. आपल्याच राज्यातल्या एका शिक्षकांनी शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला होता. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्यावर सक्ती करता येणार नाही असं म्हटलं. कलम २८ सांगतं की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या मर्जीविरुद्ध धार्मिक उपासनेत ओढता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर आईबापांची संमती लागते.

बोलता न येण्याची किंमत काय असते, ते आजीच्या पंथाला ठाऊक होतं. मराठीतलं पहिलं मोठं गद्य, लीळाचरित्र, तेराव्या शतकात रिद्धपूरला म्हाइंभटांनी लिहिलं. पण महानुभावांचे ग्रंथ पुढं शेकडो वर्षं सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत मठांमध्येच राहिले आणि बाहेरच्या वाचकांना विसाव्या शतकात कळले. मराठीचं एवढं धन मराठी माणसाला वाचता येत नव्हतं.

मग भोंगा?

आजोबांनी बापदाद्यांचं नाव काढलं होतं, म्हणून मी विचारलं, “बापदाद्यांच्या वेळी भोंगा होता का?”

ते हसले. “कायचा भोंगा बाई! गॅसबत्ती होती एक, तेबी पाटलाची.”

न्यायालयंही जवळपास असंच विचारतात. एखादी प्रथा धर्माचा आवश्यक भाग आहे का, की तिच्याभोवती नंतर जमलेली सोय आहे? १९५४ पासून सर्वोच्च न्यायालय ही कसोटी लावत आलं आहे. न्यायाधीशांनी धर्माचा गाभा ठरवावा का, यावर मोठे वाद आहेत आणि माझ्याही मनात शंका आहेत. पण भोंग्यापुरतं उत्तर सोपं आहे, कारण विजेवर चालणारी वस्तू कोणत्याही धर्माच्या जन्मापासून त्याच्यासोबत नव्हती. २००० साली चेन्नईतल्या एका चर्चचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथंही ढोल आणि लाउडस्पीकरचा त्रास होता. न्यायालय म्हणालं, दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही सांगितलं की भोंगा कुठल्याही धर्माचा आवश्यक भाग नाही. चर्च, मशीद, देऊळ, विहार, सगळ्यांना एकच माप.

नियम २००० सालचे, ध्वनिप्रदूषणाचे. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ तो बंद, आणि नियमात नुसता भोंगा नाही, वाजवायची वाद्यंही आहेत. बंद जागेत, आतल्या माणसांपुरता आवाज असेल तर चालतो. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ऐवजी १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण त्या सुटीत पहाट येत नाही. दवाखाना, शाळा आणि कोर्ट यांच्या भोवतीचे १०० मीटर राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५.

म्हणजे काकडा बंद होत नाही. दारं ओढून सभामंडपात करा, टाळ-मृदंगावर करा, पोटभर करा.

माणूस बोलतो की खुर्ची?

माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथं होतो.

सरपंच सप्ताहात वीणा घेऊन पहाऱ्याला उभे राहिले, तर तो त्यांचा हक्क. कपाळी बुक्का लावून ग्रामसभेला आले, तर तोही. पंचायतीच्या सदस्यानं शुक्रवारी नमाजाला जाणं, ग्रामसेवकानं पौर्णिमेला विहारात बसणं, पोलीस पाटलानं उपास धरणं, कशालाच हरकत नाही. पद मिळालं म्हणून माणसाचा धर्म सुटत नाही.

पण तेच सरपंच खुर्चीवरून म्हणाले की सप्ताहाला न येणाऱ्याचं घरकुलाच्या यादीतलं नाव बघून घेऊ, तर तिथं बोलणारा माणूस राहिला नाही, खुर्ची बोलली. आणि खुर्ची अख्ख्या गावाची आहे. रहिवासी दाखला, नळाचं कनेक्शन, रोजगार हमीचं काम यांतलं काहीही कोणाच्या देवावर अवलंबून ठेवता येत नाही. विहीर, तळं, रस्ता, दुकान यांच्या वापरात धर्मावरून, जातीवरून आडकाठी करायची नाही, हे कलम १५ मध्ये स्पष्ट आहे. ग्रामसभेनं हात वर करून ठराव घेतला तरी त्यानं कोणाचा मूलभूत हक्क जात नाही. कलम १३ नं तर हक्कांच्या आड येणारी रूढीसुद्धा रद्द ठरवली आहे. “आमच्या गावात असंच चालतं” हे वाक्य कोर्टात टिकत नाही.

पैशाचंही तसंच आहे. कलम २७ प्रमाणं एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी कर बसवून तो भरायची सक्ती करता येत नाही. यात्रेकरूंसाठी पाणी, रस्ता, दिवाबत्ती करणं वेगळं. ती माणसांची सोय आहे.

जिल्हा परिषदेची शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, म्हणून तिथं धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण गुरुजींनी धर्मांबद्दल काही सांगायचंच नाही असा याचा अर्थ काढू नये. बुद्धाची, पैगंबरांची, येशूची, चक्रधरांची गोष्ट सांगा, मुलांना एकमेकांचे सण कळू द्या; धर्मांची ओळख करून देणं म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये म्हटलं आहे. “अमक्याचीच पूजा करा” म्हटलं की रेषा ओलांडली.

निवडणुकीत ही रेषा आणखी कडक होते. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, चार विरुद्ध तीन असा, निकाल दिला की लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारानं स्वतःच्याच नव्हे, मतदाराच्याही धर्माच्या नावानं मत मागितलं तर तो भ्रष्ट मार्ग ठरतो. ते प्रकरण मुंबईचंच होतं.

देवाला प्रश्न विचारणारेही याच मातीतले

धर्माबद्दल बोलणं म्हणजे फक्त गुण गाणं, अशी समजूत अलीकडं वाढली आहे. आमच्या अमरावती जिल्ह्यानं तरी ती करून घेऊ नये. १८७६ साली शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून उत्तरं काढून घ्यायचे. देवाला बोकड कापू नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हे त्यांनी यात्रांमध्ये, देवळांसमोर, ‘गोपाला गोपाला’च्या गजरात सांगितलं. भक्ती आणि टीका एकाच चिपळ्यांवर चालत होती आणि माणसं हजारोंनी ऐकत होती.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्याबद्दल गावात अजून गैरसमज आहे की तो वारीवर, कीर्तनावर बंदी आणतो. कायद्यातच लिहिलं आहे की प्रदक्षिणा, यात्रा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन, घरातल्या नि देवळा-दर्ग्यातल्या प्रार्थना यांना तो लागू नाही. त्याचा रोख नरबळी, अघोरी उपचार आणि चमत्काराच्या नावानं लुबाडणूक यांवर आहे.

मग भावना दुखावल्याचा गुन्हा कधी होतो? हे कलम इंग्रजांनी १९२७ साली आणलं, तेव्हाचं २९५-अ, आता भारतीय न्याय संहितेतलं २९९. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण कोणाला वाईट वाटलं एवढ्यानं भागत नाही. एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा श्रद्धेचा अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेला असावा लागतो. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम वैध ठरवलं ते याच दोन शब्दांच्या आधारावर. दोन समाजांत वैर पेरणाऱ्या बोलण्यासाठी वेगळं कलम आहे, १९६.

माझ्याकडं येणारी अशी बहुतेक प्रकरणं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसची असतात. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, सणाची रात्र, कोणीतरी पाठवलेलं चित्र न वाचता चढवलेलं, आणि सकाळी बाप ठाण्याच्या पायरीवर बसलेला. या बापांचे चेहरे मला विसरता येत नाहीत. पोरांनो, स्टेटस म्हणजे घराची भिंत नव्हे, गावाचा फळा आहे. आणि ग्रुपच्या अ‍ॅडमिनना सांगते: दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, त्यात सामील असल्याशिवाय, निव्वळ अ‍ॅडमिन म्हणून दोषी धरता येत नाही, असं २०२१ मध्ये आपल्या नागपूर खंडपीठानं गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं. तरी घाण मजकूर दिसला की काढा.

सांगणं आणि वळवणं

प्रसाराचा हक्क कुठं थांबतो, हे १९७७ मध्ये ठरलं. मध्य प्रदेश आणि ओरिसाच्या कायद्यांवरचा तो निकाल म्हणतो: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं म्हणजे प्रसार, दुसऱ्या माणसाला आपल्या धर्मात आणणं हा हक्क त्यात येत नाही. कारण त्या दुसऱ्या माणसालाही सद्सद्विवेक आहे. आमिष, धाक, फसवणूक आली की त्याचा तो विवेकच काढून घेतला जातो.

आणि स्वतःच्या विवेकानं वळणं काय असतं, ते विदर्भानं पाहिलं आहे. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि पुढची एकवीस वर्षं वाचन, चर्चा, तुलना करून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंच्या साक्षीनं बौद्ध धम्म स्वीकारला. १६ तारखेला चंद्रपुरात पुन्हा दीक्षा सोहळा झाला. परतलेल्या माणसांनी गावात मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं. त्यांच्यासाठी धर्म प्रकट करणं म्हणजे मान वर करून चालणं होतं, आणि त्याबद्दल त्यांनी मार खाल्ला, काम गमावलं. केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती तर बौद्ध झालेल्यांना १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत.

वाळीत टाकणं

पोलिसांच्या नोटिशीपेक्षा गावातला माणूस ज्याला भितो ती गोष्ट कागदावर नसते. माझ्याकडं एक कुटुंब आलं होतं. त्यांनी पंथ बदलला, उपदेश घेतला, आणि समाजाच्या देवळाची घरटी वर्गणी द्यायला हात जोडून नकार दिला. आठवडाभरात त्यांच्या लग्नपत्रिका परत येऊ लागल्या. भावकीतल्या मयतीला त्यांना उभं करेनात. ऐन वेचणीत कापूस बोंडात लोंबत राहिला, कारण त्यांच्या वावरात जायचं नाही असं बायांना सांगितलेलं.

महाराष्ट्रात यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, देशातला अशा तऱ्हेचा ठळक कायदा. समाजातल्याच माणसावर त्याच समाजानं टाकलेला बहिष्कार हा गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दलित किंवा आदिवासी कुटुंबावर इतरांनी बहिष्कार टाकला तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागतो. त्या कुटुंबाचं प्रकरण तक्रारीचा मसुदा पुढाऱ्यांना वाचून दाखवल्यावर बोलण्यानं मिटलं. कापूस मात्र तोवर पावसानं पिवळा पडला होता.

वर्गणी ही मर्जीची गोष्ट आहे. पावतीपुस्तक घेऊन दारात आलेल्या दहा माणसांसमोर ‘नाही’ म्हणता येणं, हा माझ्या अनुभवात गावातल्या धर्मस्वातंत्र्याचा सगळ्यात अवघड पेपर आहे.

अर्ज

आजोबा दोन दिवसांनी पुन्हा आले. काकडा दारं ओढून आत सुरू झाला होता. आता त्यांना त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळच्या दिंडीसाठी भोंग्याची परवानगी हवी होती. ठाण्यात द्यायचा अर्ज मी लिहायला घेतला: तारीख, वेळ ६ ते ९, दिंडीचा मार्ग, जबाबदार माणसांची नावं. मार्गात शाळा नाही ना, दवाखाना नाही ना, विचारून घेतलं.

“तक्रार कोणी केल्ती वं बाई?” त्यांनी मध्येच विचारलं.

“नोटिशीत नाव नाही, आणि शोधूही नका.”

“नाई शोधत.” थोडं थांबून म्हणाले, “देवळाच्या मांगं एक लकवा झालेला माणूस हाय. पयले आमच्यातच टाळ वाजवे.”

मी काही बोलले नाही. अर्जात आवाजाच्या मर्यादेची ओळ आली, मी ५५ डेसिबल लिहिलं.

“पंचावन म्हंजे केवढा?”

“आत्ता तुम्ही-आम्ही बोलतोय नं, जवळपास एवढा.”

आजोबांनी टोपी डोक्यावर चढवली, इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “एवढा?”